पुएब्लाच्या जुन्या वाड्यात अकरा महिने: राहून झाल्यावर सांगते

मालकीणबाईंनी घर दाखवायला सुरुवात केली ती छतापासून. काळपट लाकडी तुळया, जमिनीपासून साडेचार मीटर वर. मग फरशी, मग हातभर जाड भिंती, मग मधला चौक, त्यात बंद पडलेलं दगडी कारंजं आणि चारही बाजूंनी फिरणारा लोखंडी कठड्याचा सज्जा. माझं लहानपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. तो पाडून तिथे पार्किंगवाली इमारत उभी राहिली त्याला आता वीस वर्षं झाली. मी कारंज्याच्या काठावर बसले तेव्हाच नवऱ्याला कळलं की बाकीची घरं बघण्यात काही अर्थ नाही.

ऑगस्ट २०२२ ते जून २०२३ आम्ही मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराच्या अगदी मध्यात, सोकालोपासून चार चौक अंतरावर राहिलो. सोकालो म्हणजे कॅथीड्रलसमोरचा मुख्य चौक. नवरा गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहे. फोक्सवॅगनचे कारखाने चाकणला आणि पुएब्लातही असल्यामुळे त्याच्यासारख्यांना हे गाव नवीन नसतं. मी घरूनच पुण्याच्या ऑफिसचं काम करत होते. त्याचे झाडून सगळे सहकारी शहराबाहेर, फाटकावर पहारेकरी असलेल्या वसाहतींत किंवा शेजारच्या चोलुलाला राहायचे. 'सेंत्रोत, म्हणजे गावाच्या जुन्या मध्यभागात, कोण राहतं?' असं त्यांनी आम्हाला विचारलं होतं. प्रश्न रास्त होता.

पहिली अडचण भाडेकराराची. इथे नुसतं डिपॉझिट चालत नाही, 'अवाल' लागतो. अवाल म्हणजे त्याच शहरात स्वतःच्या नावावर घर असलेला जामीनदार. परक्या देशात उतरून दहा दिवस झालेल्या माणसाने असा जामीनदार कुठून आणायचा? शेवटी वकिलामार्फत जामिनाऐवजी चालणारा एक कायदेशीर करार केला, त्याचे पैसे वेगळे. त्यातच निवासी व्हिसावर येणाऱ्यांना देशात शिरल्यापासून तीस दिवसांत इमिग्रेशनमधून कार्ड करून घ्यावं लागतं, म्हणजे तिकडचे हेलपाटे. नुसतं फिरायला येणाऱ्याला हा ताप नाही. चालू अमेरिकन व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टावर मेक्सिकोचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. किती दिवस राहू द्यायचं ते मात्र विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. एकशे ऐंशी ही कमाल मर्यादा आहे, हक्क नाही.

पत्ते सापडायला सोपे. हे शहर स्पॅनिशांनी १५३१ साली मोकळ्या जागेवर आखून वसवलं, त्यामुळे रस्ते पट्टीने ओढल्यासारखे सरळ. सोकालोच्या उत्तरेकडचे आडवे रस्ते सम आकड्यांचे, दक्षिणेकडचे विषम. पूर्वेला गेलात की आकड्यापुढे 'ओरिएंते' लागतं, पश्चिमेला 'पोनिएंते'. एकदा हे डोक्यात बसलं की '६ ओरिएंते' ऐकताच पाय आपोआप वळतात. ही मिठाईची गल्ली, तिच्याबद्दल पुढे सांगते.

आता वाड्याचं खरं. आठवड्यातून ठरावीक दिवशीच नळाला पाणी येतं, ते जमिनीखालच्या टाकीत पडतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं. हे पुणेकराला कुणी शिकवायला नको. प्यायला वीस लिटरचा जार, 'गार्राफोन'. तो जिन्यावरून वर आणणाऱ्या पोराला टीप द्या, नाहीतर पुढच्या वेळी तो खालीच ठेवून जाईल. कपडे गच्चीवर, दगडी खळग्याच्या धुण्याच्या ओट्यावर. पहिल्या दिवशी तो ओटा बघून आईला व्हिडिओ कॉल लावला होता.

थंडी मात्र कुणी सांगितली नव्हती. मेक्सिको म्हटलं की डोळ्यांपुढे ऊन, टोपी आणि निवडुंग. पण पुएब्ला २१०० मीटरच्याही वर आहे. डिसेंबर-जानेवारीत दुपारी स्वेटर काढावा लागतो आणि रात्री दोन घालावे लागतात. घरात हीटर नसतो. जाड भिंती मे महिन्यात लाडक्या वाटतात, जानेवारीत त्याच रात्रभर गारवा सोडतात. साडेचार मीटर उंचीच्या खोलीत छोटा विजेचा हीटर लावणं म्हणजे अंगणात शेगडी पेटवण्यासारखं. त्या तुळयांकडे बघून पुढे मला फक्त वीजबिल आठवायचं. उंचीमुळे डाळही शिजत नाही, कुकर भारतातूनच घेऊन जा.

आणि आवाज! सकाळी गॅसवाला, मग धारवाला बासरीसारखी शीळ वाजवत, मग भंगारवाल्याची गाडी. त्या गाडीवर एका लहान मुलीच्या आवाजातली ध्वनिफीत असते: गाद्या, फ्रिज, शेगड्या, जुनं लोखंड विकत घेतो. तोच आवाज, तीच फीत मेक्सिको सिटीतही ऐकली. याची सवय होते. सवय होत नाही ती चर्चच्या जत्रेत पहाटे आकाशात सुटणाऱ्या दारूच्या बाणांची. प्रत्येक वस्तीला आपला संत, प्रत्येक संताला आपला दिवस आणि गावात चर्चेसना तोटा नाही. लक्ष्मी रोडच्या मिरवणुकीत वाढलेली मी पहाटे साडेपाचला उशीत डोकं खुपसून पडलेली असायचे.

१९ सप्टेंबरची गोष्ट सांगायलाच हवी. याच तारखेला १९८५ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये मेक्सिकोत मोठे भूकंप झाले, म्हणून दर वर्षी त्या दिवशी देशभर भूकंपाचा सराव होतो. २०२२ मध्ये तो दुपारी १२ वाजून १९ मिनिटांनी होता. सगळे हसत रस्त्यावर आलो, गप्पा मारल्या, वर गेलो. पाऊण तासाने, १ वाजून ५ मिनिटांनी, खराखुरा भूकंप! केंद्र लांब मिचोआकानात, पण तीव्रता ७.७. आमचा झुंबरासारखा टांगलेला दिवा मोठ्या झोक्याने हलत होता आणि मी जिन्यात कठडा धरून उभी होते, जे अजिबात करू नये. खाली समोरच्या दुकानाच्या आजींनी माझा हात धरला आणि कसलीतरी प्रार्थना पुटपुटल्या. त्या दिवसापासून त्या मला 'वेसीना' म्हणू लागल्या, म्हणजे शेजारीण. भाड्याने घर घेताना तुळया बघा, कारंजं बघा, पण २०१७ नंतर त्या इमारतीची काय डागडुजी झाली ते आधी विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.

आता जेवण. मी शाकाहारी, अंडं चालतं. पुएब्ला ही मोलेची राजधानी. सुक्या मिरच्या, तीळ, सुकामेवा, चॉकलेट घालून तासन्‌तास आटवलेला हा रस्सा बहुतेक ठिकाणी कोंबडीच्या पाण्यात सैल करतात. 'मांस नको' म्हटलं तर हॅम घालून आणतात, कारण हॅम म्हणजे मांस नाही अशी इथली ठाम समजूत. राजम्यात डुकराची चरबी असू शकते. हे नीट विचारायचं स्पॅनिश यायला मला दोन महिने लागले. त्यानंतर मात्र चंगळ. निळ्या मक्याचे, आत घेवड्याचं सारण भरलेले तव्यावरचे तलाकोयो. भोपळ्याच्या फुलांची केसादिया. कणसावरची काळी बुरशी, उइत्लाकोचे, जी मी डोळे मिटून खाल्ली आणि नंतर डोळे उघडे ठेवून. सेमिता या तीळ लावलेल्या पावात नुसतं दोऱ्यासारखं चीज, अव्होकाडो आणि पापालो नावाचा उग्र पाला घालून देतात. पापालो काहींना साबणासारखा लागतो, माझ्या नवऱ्यालाही लागतो.

ऑगस्ट-सप्टेंबरात जाणार असाल तर चिले एन नोगादा चुकवू नका. पोब्लानो मिरची भाजून, सोलून, आत खिमा आणि फळांचं सारण, वरून ताज्या अक्रोडाचा पांढरा रस्सा, त्यावर डाळिंबाचे दाणे. हिरवा, पांढरा, लाल, म्हणजे झेंडाच. शोधलं तर खिम्याशिवाय मिळते. आपल्या भरल्या मिरचीची ही श्रीमंत मावशी. अंड्यात बुडवून तळायची की नाही यावरून पुएब्लात घराघरांत भांडणं आहेत. मिसळीत शेव कधी घालायची यावर आपण जितके भांडतो तितकीच.

आणि एक गंमत. कार्तिकी एकादशीला उपवासाचं सामान शोधायला कार्मेन मंडईत गेले. शेंगदाणे, बटाटे, रताळी, हिरव्या मिरच्या सगळं पहिल्या दोन गाळ्यांतच मिळालं. पुढे राजगिऱ्याची वडी दिसली, गुळात थापलेली, 'आलेग्रिया' म्हणजे आनंद या नावाची. गूळही तिथेच, सुळक्याच्या आकाराच्या ढेपा, 'पिलोन्सियो'. घरी येऊन ताट मांडलं तेव्हा लक्षात आलं, यातला गूळ सोडला तर झाडून सगळं मूळचं अमेरिका खंडातलंच आहे. आपल्या आज्या ज्याला सोवळ्याचं समजत आल्या ते ताट पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलं. रताळ्याच्या तर इथे मिठाया करतात. ६ ओरिएंतेवर दुकानंच्या दुकानं आहेत, तिथे कागदात गुंडाळलेल्या रंगीत कांड्या मिळतात. गोड फार, एक पुरे.

मंडईत सगळ्या बायकांना 'वेरिता' म्हणून हाक मारतात, म्हणजे गोरटेली. आयुष्यात मला कुणी गोरी म्हटलं ते इथेच. दिवाळी त्या वर्षी २४ ऑक्टोबरला होती आणि नेमका तेव्हाच मंडईत झेंडूचा पूर आला होता, नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांतल्या मृतांच्या सणासाठी. झेंडूही मूळचा इथलाच, 'सेंपासुचिल'. दोन मोठ्या जुड्या घेतल्या तेव्हा फूलवालीने हळू आवाजात विचारलं, घरातलं कोण गेलं? दाराला तोरण लावणार आहे असं मी मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं. ती म्हणाली, बरोबर, दारापासूनच वाट करायची असते, नाहीतर त्यांना घर कसं सापडणार? पाकळ्यांची वाट. मी आणखी एक जुडी घेतली. त्या आठवड्यात उआकेचुला गावी गेलो. तिथे त्या वर्षात कुणी गेलं असेल त्या घरी पांढऱ्या साटिनचं मजल्यावर मजले चढवलेलं मखर उभारतात आणि येईल त्या अनोळखी माणसाला आत घेऊन पाव आणि गरम चॉकलेट देतात. इथे 'सुंदर' म्हणणं बरं दिसेना, गप्प बसून चॉकलेट प्यालो.

बघण्याच्या जागा यादीसारख्या सांगत नाही, कुठेही मिळतील. दोनच सांगते. एक, पालाफोक्सियाना ग्रंथालय. बिशप पालाफोक्स यांनी १६४६ मध्ये स्वतःची पाच हजार पुस्तकं दिली, तिथून सुरुवात. गर्दी नसताना आत नुसतं उभं राहावं. दुसरी, सोकालोजवळचं कोंपान्यिया चर्च. तिथे कातारीना दे सान हुआन हिची समाधी आहे. सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी भारतातून पळवलेली मुलगी. कोचीन, मग मनिला, मग आकापुल्को, आणि शेवटी पुएब्लात गुलाम म्हणून विकली गेली. १६८८ मध्ये ती वारली तोवर लोक तिला संत मानू लागले होते. मेक्सिकोतल्या नक्षीदार घागऱ्याच्या पोशाखाला 'चिना पोब्लाना' म्हणतात, तो तिच्यावरून आला असं गावात सांगतात. अभ्यासकांना ते पटत नाही. कुणी विचारलं, इंडिया कुठे, तर मी या बाईचं नाव घ्यायचे. लगेच ओळख पटायची.

पैशाचं गणित आमच्या अंगाशी आलं. आम्ही गेलो तेव्हा एक पेसो चार रुपयांना होता, निघालो तेव्हा पावणेपाचच्या पुढे. घरभाडं ९५०० पेसो, जे करारभर तेवढंच राहिलं. पण माझा पगार रुपयांत. म्हणजे माझ्या हिशेबी अडतीस हजारांचं भाडं काही न करता पंचेचाळीस हजारांवर गेलं. पगार हा शब्द तिथल्या लोकांना फार आवडला, कारण स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणे. कामाच्या वेळेचंही सांगते. ऑक्टोबर २०२२ अखेरीस मेक्सिकोने बहुतेक देशात उन्हाळी घड्याळ कायमचं बंद केलं, त्यामुळे आता पुण्याशी बाराही महिने साडेअकरा तासांचा फरक आहे. पुण्याच्या सकाळच्या मीटिंगा तिथे रात्री उशिरा येतात. रात्रीची शिफ्ट करायची तयारी असेल तरच हा उद्योग करा.

आणि डॉन गोयो. पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीला गावकरी याच नावाने हाक मारतात, आपण गावच्या दादाला मारतो तशी. आमच्या गच्चीवरून तो स्वच्छ दिसायचा. रोज सकाळी चहा घेऊन त्याचा धूर बघायचा, हा माझा आवडता कार्यक्रम होता. मे २०२३ मध्ये त्याने राखच पाडायला सुरुवात केली. इशारा पिवळ्या रंगाच्या तिसऱ्या टप्प्यावर गेला, शाळा ऑनलाइन झाल्या, पुएब्लाचा विमानतळ बंद. चौकात, कारंज्यात, वाळत घातलेल्या चादरींवर करडी पूड. ती चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते, काचेच्या चुऱ्यासारखी खरखरते. फरशी पुसायला मी बादली उचलली तेव्हा दुकानाच्या आजी खालून ओरडल्या, पाणी नको! पाण्याने ती गटारात जाऊन सिमेंटसारखी बसते. कोरडी झाडायची, पोत्यात भरायची, टाकीवर झाकण घट्ट ठेवायचं. चौक उघडा असलेल्या घरात हे काम दिवसातून तीनदा. वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये राहणारे सहकारी खिडक्या बंद करून बसले होते. त्या आठवड्यात मला त्यांचा मनापासून हेवा वाटला.

मग पुन्हा घर घ्यायचं तर कुठलं घेईन? सेंत्रोतच, पण वरचा मजला, रस्त्याकडे खिडकी नसलेली झोपायची खोली, आणि फेब्रुवारीच्या आधी नाही. मुलं लहान असतील तर मात्र चोलुला बघा.

जूनअखेर, पहिल्या पावसात, घर रिकामं केलं. मालकीणबाई आल्या, भिंती बघितल्या, नळ सोडून बघितले, स्वयंपाकघरातल्या फोडणीच्या पिवळ्या डागावर बोट ठेवलं आणि काही बोलल्या नाहीत. डिपॉझिट कधी मिळेल विचारलं तर म्हणाल्या, 'अओरिता'. शब्दकोशात याचा अर्थ 'आत्ता लगेच' असा दिलाय. पुण्यात पोहोचून, सामान लावून, जेटलॅग उतरून तीन आठवडे झाले तेव्हा पैसे आले. हळदीच्या डागाचे ४०० पेसो कापून.