जुना ॲक्सिडेंट विचारणारा डॉक्टर इथे भेटला

भाऊजींना नागपूरच्या या हॉस्पिटलमधे दाखवायला आणलं होतं. काही वर्षांआधी वर्धा रोडवर त्यांच्या बाईकला कारने ठोकलं होतं, डाव्या बरगड्या तुटल्या, तेव्हा एक्स-रे ठीक दिसला आणि मग माणूस कामालाही लागला. इतक्यात मात्र जेवण झालं की डावीकडे छाती जड, दम लागणं, मळमळ. जो तो म्हणे ॲसिडिटी आहे, सावजी बंद करा. केलं बावा बंद, फरक काहीच नाही. एका ठिकाणी तर एक्स-रे पाहून छातीत पाणी झालं, नळी टाकू म्हणाले, ताईच घाबरली म्हणून राहिलं.

इथल्या सर्जननी पहिलंच विचारलं, आधी कधी मार लागला होता का? मग छातीला स्टेथो लावून बराच वेळ ऐकत बसले, कारण आतड्यांची गुडगुड छातीत ऐकू येत होती! लगेच सीटी. डायफ्राम म्हणजे छाती-पोटामधला पडदा त्या ॲक्सिडेंटमधेच फाटलेला, आणि आता जठर अन् मोठ्या आतड्याचा भाग वर छातीत, डावं फुफ्फुस दबलेलं. ती नळी टाकली असती तर जठरातच घुसू शकली असती म्हणे. सरांनी स्क्रीनवर दाखवून समजावलं की हा पडदा प्रत्येक श्वासाला हलतो म्हणून फाट आपोआप भरत नाही, आणि श्वास घेतला की छातीकडे ओढ लागते त्यानं पोटातलं हळूहळू वर सरकतं, कधी कधी वर्षानुवर्षं पत्ताच लागत नाही. उजवीकडे लिव्हर आड येतं म्हणून हे डावीकडे जास्त सापडतं. अडकून रक्त बंद झालं तर जठर, आतडं सडतं, तेव्हा थांबू नका म्हणाले, पण घाबरवलं नाही.

जुनं असल्यामुळे आत सगळं चिकटलेलं, म्हणून छातीतून ऑपरेशन केलं, सगळं खाली घेऊन पडदा न विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवला आणि वर जाळी लावली. आयसीयूतल्या सिस्टर तर एक नंबर, ते तीन बॉलवालं श्वास ओढायचं यंत्र भाऊजींकडून रागावून रागावून करून घेतलं. आता जेवतात नीट, दम नाही.

पाचवा स्टार बिलिंगवाल्यांनी घालवला. डिस्चार्ज सकाळी सांगितला, इन्शुरन्सचं अप्रूव्हल यायला संध्याकाळ, अन् काउंटरवर विचारलं की "बसा, सांगतो". धंतोलीत पार्किंगचं तर बोलूच नका, पेशंटला गेटवर उतरवा अन् गाडी घरी पाठवा.