उद्यानातील डिस्क गोल्फ कोर्स : एका पावसाळ्यानंतरचे मत

आमच्या शहरातील उद्यानात उन्हाळ्याच्या अखेरीस नऊ होलचा डिस्क गोल्फ कोर्स सुरू झाला आणि तेव्हापासून मी तेथे नियमितपणे खेळतो आहे. मत मात्र मुद्दाम आता मांडत आहे, कारण सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस अंगावर घेतल्याशिवाय गोव्यातील उघड्यावरच्या कोणत्याही सोयीची पारख होत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर येथे चेंडू आणि काठीऐवजी हाताने डिस्क, म्हणजे चपटी तबकडी, फेकायची असते आणि कमीत कमी फेकींत ती साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटमध्ये पोहोचवायची असते. पहिल्या फेकीच्या जागेपासून बास्केटपर्यंतच्या अशा एका टप्प्याला होल म्हणतात. या खेळासाठी खास आखलेला पहिला कोर्स १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात झाला. खेळाचे जनक मानले जाणारे एड हेड्रिक यांनी साखळ्यांच्या बास्केटची रचना केली, त्याआधी झाड किंवा खांब हेच लक्ष्य असे. म्हणजे सार्वजनिक उद्यान हेच या खेळाचे मूळ घर आहे, आणि आमच्या उद्यानात तो परका वाटत नाही त्याचे एक कारण हेही असावे.

कोर्स आखूड आहे. सर्वांत लांब होल नव्वद मीटरच्या आसपास आहे आणि बहुतेक होल त्याहून बरेच कमी अंतराचे आहेत. लांब फेकीची हौस असणाऱ्यांची येथे निराशा होईल. अचूकतेची आवड असेल तर मात्र पाचव्या होलसाठी तरी यावेच. टीवर, म्हणजे पहिली फेक करण्याच्या जागी, उभे राहिले की समोर माडांची दुहेरी रांग दिसते, बास्केट त्या रांगेच्या शेवटी किंचित डावीकडे आहे आणि उजव्या बाजूला चिऱ्यांचा बुटका बांध आहे. उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा आणून) फेकणाऱ्याची डिस्क वेग ओसरताच आपोआप डावीकडे झुकते, त्यामुळे हा होल त्याला सोपा वाटतो. पण झुकण्याआधी ती माडांमधून सरळ निघायला हवी, आणि फेक थोडी जरी उशिरा सुटली तरी ती बांधावर आपटते. डावखुऱ्या खेळाडूला हाच होल फोरहँडने (हात अंगाच्या बाहेरच्या बाजूने आणून) खेळणे श्रेयस्कर.

वेळेची निवडही महत्त्वाची आहे. सकाळी वारा जवळपास नसतो. दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा जोर धरतो आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या दोन्ही होलांवर डिस्कचे नाक, म्हणजे पुढची कड, जरा वर राहिले, की ती पतंगासारखी वर चढून मागे येते. समोरच्या वाऱ्यात उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क एरवीपेक्षा जास्त उजवीकडे वळते, हे लक्षात घेऊन तेथे अधिक स्थिर, म्हणजे सहजी तशी न वळणारी, डिस्क वापरावी आणि ती जमिनीलगत फेकावी.

डिस्कच्या खरेदीबाबत एक स्पष्ट सल्ला आहे. डिस्कवर छापलेल्या चार आकड्यांत पहिला वेगाचा असतो आणि नवखा खेळाडू नेमका मोठा आकडा पाहून ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क, उचलतो. या कोर्सवर त्याची गरज नाही. एक पुटर (बास्केटजवळून फेकायची डिस्क) आणि एक मिडरेंज (मध्यम अंतराची डिस्क) एवढ्यावर सगळे होल खेळता येतात. पुटर मऊ आणि स्वस्त प्लास्टिकचा चालतो, कारण तो साखळ्यांना चांगला धरतो. मिडरेंज मात्र चिवट प्लास्टिकची घ्यावी. जांभ्या दगडावर घासून माझ्या स्वस्त मिडरेंजची कड पावसाळा संपेपर्यंत करवतीच्या दात्यांगत खरखरीत झाली आणि पूर्वी सरळ जाणारी ती डिस्क आता उजवीकडे वळू लागली आहे. रंग गुलाबी किंवा नारिंगी असावा. हिरवी डिस्क श्रावणातल्या गवतात गेली, की ती शोधण्यातच संध्याकाळ जाते.

पावसाळ्याने कोर्सचे गुणदोष उघडे केले. गवत वाढते हे समजण्यासारखे आहे, परंतु ते चवथीपर्यंत एकदाही नीट कापले गेले नाही. टी मातीच्या असल्यामुळे पाय ठेवण्याच्या जागी खळगे पडून त्यांत पाणी साचले, आणि धावत येऊन फेकणे धोक्याचे झाले. त्या दिवसांत आम्ही सगळेच जागेवर उभे राहून फेकत होतो. साखळ्यांवर जस्ताचा मुलामा असावा, तरीही जोडांवर गंज आला आहे आणि पांढऱ्या पुटरवर त्याचे तांबूस डाग पडतात. खारट हवेत हे होणारच होते. देखभाल पाहणाऱ्यांनी वेळीच साखळ्या धुऊन तेल लावले असते, तर काम भागले असते. निचऱ्याची आखणी मात्र खरोखर चांगली आहे. पाऊस थांबल्यावर तासाभरात फेअरवेवरून, म्हणजे टी ते बास्केटमधल्या पट्ट्यावरून, चालता येते, ही गोष्ट आपल्याकडे सहसा आढळत नाही.

उद्यानात येणाऱ्यांशी जुळवून घेण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. फिरण्याची पायवाट कोर्सच्या हद्दीबाहेर धरली आहे आणि डिस्क तेथे पडली तर एका फेकीचा दंड बसतो, ही व्यवस्था योग्यच आहे. पण वाटेवरून चालणाऱ्या ज्येष्ठांना डोक्यावरून काय जाते आहे याची कल्पना नसते. साधारण १७० ग्रॅमची कडक डिस्क लागली तर इजा होऊ शकते, म्हणून वाट मोकळी होईपर्यंत थांबणे हा खेळाचा नियमच आहे. नवे खेळाडू तो पाळत नाहीत आणि तेथे लावलेल्या फलकावर बास्केटपासून दहा मीटरच्या आत तोल सांभाळून पुट करण्याचा नियम आहे, हा मात्र नाही.

सध्या प्रवेशासाठी पैसे पडत नाहीत, दोघांना एक फेरी तासाभरात पुरी करता येते आणि ऑक्टोबर ते मे या काळात सकाळी सातच्या सुमारास खेळ उत्तम होतो. सातव्या होलची टी पायवाटेपासून दहा-बारा पावले मागे, काजूच्या झाडाच्या अलीकडे हलवली, तर फेकीची दिशा वाटेला समांतर होईल आणि होलही थोडा लांबेल. टी मातीचीच असल्याने त्यासाठी फार खर्च येणार नाही, आणि पुढच्या पावसाआधी एवढे तरी व्हावे.