कोरोनरी धमनी आपोआप फाटली तर: स्टेंट की औषधे आणि देखरेख?

हार्ट अटॅक म्हणजे ब्लॉकेज आणि ब्लॉकेज म्हणजे स्टेंट, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की डॉक्टरांनी ‘स्टेंट नको, थांबू या’ म्हटले की नातेवाईक घाबरतात. ‘स्कॅड’ (हृदयाला रक्त पुरवणारी कोरोनरी धमनी आपोआप फाटणे) या विकारात मात्र असे थांबणे हाच बहुतेकदा योग्य उपचार ठरतो. यात धमनी चरबीने तुंबलेली नसते. तिच्या भिंतीचे थर आपोआप सुटतात, त्यांच्यामध्ये रक्त साचते आणि आतला मार्ग दबतो. रुग्णांमध्ये सुमारे नव्वद टक्के स्त्रिया असतात, बऱ्याचशा पन्नाशीच्या आतबाहेरच्या, तर काही नुकत्याच बाळंत झालेल्या.

अशा नाजूक भिंतीत स्टेंट बसवताना वायर खऱ्या मार्गाऐवजी फाटलेल्या थरात शिरू शकते. फुगा फुगवला की साचलेले रक्त पुढेमागे सरकते, फाट लांबते आणि एका स्टेंटच्या जागी दोन-तीन टाकण्याची वेळ येते. पुढे ते रक्त शोषले गेल्यावर स्टेंट सैल पडून त्यात गुठळी होण्याचा धोकाही राहतो.

याउलट, प्रकृती स्थिर असेल आणि रक्तप्रवाह चालू असेल तर औषधांवर ठेवलेल्या बहुसंख्य रुग्णांची धमनी काही आठवड्यांत आपोआप भरून येते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2018 च्या निवेदनाचा कलही याच बाजूला आहे. मात्र पहिल्या आठवड्यात काहींची फाट वाढते, म्हणून छातीतले दुखणे थांबले तरी लगेच घरी जाण्याची घाई करू नये. तीन ते पाच दिवस, तेही चोवीस तास कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची सोय) असलेल्या रुग्णालयात, काढणे श्रेयस्कर. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन इथे टाळले जाते, कारण त्याने भिंतीतला रक्तस्राव वाढू शकतो.

दुखणे थांबतच नसेल, रक्तदाब कोसळत असेल, ठोके धोकादायकरीत्या अनियमित होत असतील किंवा डावी मुख्य धमनीच फाटली असेल, तर मात्र जोखीम पत्करून स्टेंट किंवा बायपास करावा लागतो. निर्णय अरुंदपणाच्या टक्क्यांवर न घेता पलीकडे रक्त पोहोचते आहे का, यावर घ्यावा, असे मला वाटते.

स्टेंट टाकल्याने पुढचा धोका टळतो, असेही नाही; हा विकार पुन्हा झाला तर तो बहुधा दुसऱ्याच जागी होतो. तो पुन्हा होऊ नये यासाठी रक्तदाब काबूत ठेवणे आणि डॉक्टरांनी दिलेले बीटा ब्लॉकर (हृदयावरचा ताण कमी करणारे औषध) चालू ठेवणे अधिक उपयोगी दिसते.