शाडूची कार्यशाळा, तयार संच आणि ‘पुनरावर्तन’ : काय घ्यावे, काय टाळावे

गणेशोत्सवाआधी महिना-दीड महिना पुण्यात शाडूच्या कार्यशाळांचे फलक झळकू लागतात. शाळा, सोसायट्या, वाचनालये, सगळीकडे. शुल्क, वेळ, मूर्तीची उंची यांची चौकशी सगळेच करतात. आमच्या मते त्याआधी एक प्रश्न विचारावा : विसर्जनानंतर माती परत घेता का? उत्तर ‘नाही’ असेल तर कार्यशाळा अर्धीच आहे. शाडू नदीत सोडली तरी चालते, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. या मातीचे कण अतिशय बारीक असतात. ते पाणी गढूळ करतात आणि तळाशी चिकट थर धरतात. शिवाय ही माती इथली नव्हे. ती बहुतांशी गुजरातेतून, जमीन खणून येते. दरवर्षी नवी खणायची आणि मुठेच्या तळाशी नेऊन टाकायची, यात नदीचे काही भले नाही.

म्हणूनच ‘पुनरावर्तन’ या उपक्रमाला आमची पहिली पसंती. पुण्यातल्या ‘ईकोएग्झिस्ट’ने इतर संस्थांना सोबत घेऊन तो चालवला आहे. मूर्ती घरीच बादलीत विरघळवायची, माती संकलन केंद्रावर द्यायची आणि ती पुन्हा मूर्तिकारांच्या हाती जायची, इतकी साधी साखळी. अट मात्र कडक : माती निव्वळ शाडूचीच हवी. त्यात लाल माती, प्लास्टर, चमकी किंवा निर्माल्य मिसळले तर सगळा गोळा वाया जातो, कारण वेगवेगळ्या माती वाळताना कमी-जास्त आकसतात आणि नव्या मूर्तीला तडे जातात.

आता संचाबद्दल. बाजारात कोरडी भुकटी आणि मळलेला गोळा असे दोन प्रकार मिळतात. पहिल्यांदाच करणाऱ्याने गोळा घ्यावा. भुकटी स्वस्त पडते, पण मळायला वेळ लागतो : एक किलोला साधारण ३०० ते ३५० मिलिलिटर पाणी, तेही थोडे थोडे घालून, आणि मग ओल्या फडक्यात रात्रभर झाकून ठेवायची. बोटाएवढी वळी करून बोटाभोवती वळवून पाहावी. चिरली तर पाणी कमी, तळहाताला चिकटली तर जास्त. सहा इंची मूर्तीला एक ते सव्वा किलो, आठ इंचीला दोन-सव्वादोन किलो माती लागते. पुष्कळ संचांत आठ इंचांचे चित्र आणि आत एकच किलो माती असते. वजन वाचूनच घ्या. रंगांच्या बाटल्यांपेक्षा पाट, लाकडी कोरणी आणि पाणी फवारायची बाटली संचात असणे महत्त्वाचे. साचा असलेले संच लहान मुलांना बरे वाटतात, पण साच्यात दाबलेल्या मूर्तीतून हाताला फारसे काही कळत नाही.

दोन तासांत मूर्ती पूर्ण करून देणारी कार्यशाळा आम्ही सुचवणार नाही. पहिल्या दिवशी बैठक, मांड्या, पोट आणि खांदे. दुसऱ्या दिवशी डोके, सोंड, कान, हात, मुकुट. मधल्या वेळेत खालचा भाग थोडा आवळतो आणि डोक्याचे वजन पेलतो. घाईत केलेली मूर्ती घरी पोचेपर्यंत मानेतून पुढे झुकते. दहा-बारा जणांमागे एक शिकवणारा असावा, आणि मूर्ती पाटासकट न्यायची सोय असावी, पिशवीतून नव्हे.

सगळ्यात जास्त मोडतात ते कान आणि हात. कारण सरळ आहे : पातळ भाग आधी वाळतो, आकसतो आणि अजून ओल्या असलेल्या धडापासून सुटतो. सांधा करताना दोन्ही बाजू कोरणीने खरवडाव्यात, मातीची घट्ट रबडी लावावी, दाबून बसवावे आणि कान-हातांवर ओलसर चिंधी ठेवून ते सावकाश वाळू द्यावेत. मानेत उदबत्तीची काडी चालते. सोंडेत किंवा हातात घालू नये, कारण काडी आकसत नाही आणि भोवतीची माती चिरते. बैठक खालून पोखरून घ्यावी, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी राहते. पंखा नको, ऊन नको. श्रावणातल्या दमट हवेत आठवडा धरून चाला. वाळलेल्या चिरेत ओली माती भरली तर ती पुन्हा सुटते. आधी चिरेच्या कडा ओलसर कराव्यात, मग त्याच मातीचा घट्ट लेप कोरणीने आत दाबावा.

रंगाबाबत आमचे मत ठाम आहे : फक्त डोळ्यांची आखणी करावी, बाकी माती तशीच राहू द्यावी. रंग हवाच असेल तर गेरू, हळद किंवा मुलतानी माती डिंकाच्या पाण्यात कालवावी. हळद उजेडात फिकी पडते, हे धरून चालावे. तैलरंग लावलेली माती परत वापरता येत नाही.

तयार मूर्ती विकत घेणाऱ्यांनी बैठकीची न रंगवलेली बाजू पाहावी. तिथला वाटाण्याएवढा कोरडा तुकडा पाण्यात टाकला की शाडू पाहता पाहता भुगा होऊन बसते, प्लास्टर टणक राहते. शाडू म्हणून प्लास्टर विकले जाते, त्यामुळे ही खात्री करून घ्यावीच.

विसर्जनाला मूर्ती पूर्ण बुडेल एवढे पाणी घ्या. हार, दुर्वा, वस्त्रे आधी काढा. मूर्ती आतपर्यंत कोरडी असेल तरच ती नीट विरघळते. ओलसर गाभा तसाच राहतो. ढवळू नका. दुसऱ्या दिवशी वरचे निवळ पाणी झाडांना घाला, माती मात्र कुंडीत ओतू नका. बऱ्याच संचांवर तशी सूचना छापलेली असते, पण ही माती कुंडीतल्या मातीची छिद्रे बुजवते आणि पाणी साचून मुळे कुजतात. मोरीत तर मुळीच नाही, ती नळीत बसते. सोसायटीच्या कार्यशाळेतही हात धुवायला वेगळी बादली हवी, नाहीतर तीच माती गटारातून नाल्यात जाते.

घरी प्लास्टरची मूर्ती आलीच असेल, तर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत वापरा. पुणे महापालिकेने ही भुकटी नागरिकांना मोफत वाटलेली आहे. मूर्तीच्या वजनाएवढी भुकटी घ्या आणि दोन किलोला किमान दहा लिटर साधे पाणी. गरम पाणी नको, भुकटी त्यातच विघटित होते. अमोनियाचा वास उग्र असतो, बादली गच्चीत ठेवा. दोनेक दिवस अधूनमधून ढवळत राहा. तळाशी खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेट उरतो, वरचे पाणी अमोनियम सल्फेटचे, म्हणजे खताचे. ते भरपूर पातळ करूनच झाडांना द्या. सुटलेले रंगाचे पापुद्रे गाळून कचऱ्यात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली होती. तरीही घरात आलेल्या मूर्तीचे काय करायचे, याला हे चांगले उत्तर आहे.

बादलीतला शाडूचा गाळ जुन्या सुती कापडावर पसरून गोळा वळेल इतका सुकवावा. केंद्रावर द्यायचा असेल तर पूर्ण वाळवून न्यावा, ओझे पुष्कळ कमी होते. स्वतःकडे ठेवायचा असेल तर मैद्याच्या चाळणीतून गाळून घट्ट डब्यात भरावा आणि वर ओले फडके ठेवावे. मुरलेली माती नव्यापेक्षा जास्त लवचीक होते. माघातल्या गणेश जयंतीला हीच काढून मळायला घ्यावी.