सोलापूर महापालिकेचं अंदाजपत्रक: जमेची बाजू हीच पडकी बाजू

हे उत्पादन वर्षातून एकदा इंद्रभुवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्य इमारतीत तयार होतं. प्रतीवर किंमत छापलेली नसते. ती घरपट्टीच्या बिलातून वसूल होते आणि २०११ च्या जनगणनेतलं साडेनऊ लाख वस्तीचं शहर ती भरतं. म्हणजे जेवणाच्या थाळीचं करतो तसं याचंही परीक्षण व्हायला हरकत नाही. गुण आधीच सांगतो: पाचपैकी दोन. एक गुण लेखाशीर्षांच्या, म्हणजे जमा-खर्चाच्या बाबींच्या मांडणीला, कारण ती खरोखर शिस्तीची असते. दुसरा गुण अशासाठी की प्रत मागितली तर मिळते. बाकीचे तीन जमेच्या पानांवर गेले.

पहिल्यांदा हातात घेणाऱ्याने एक लक्षात ठेवावं, की ही एक वही नसते. महापालिकेचं मुख्य अंदाजपत्रक वेगळं, परिवहन उपक्रमाचं वेगळं आणि शाळांचं वेगळं. सिटीबस का दिसत नाही याचं उत्तर मुख्य वहीत शोधणाऱ्याला फक्त ‘परिवहन उपक्रमास अनुदान’ एवढी एक ओळ सापडते. चालक-वाहकांचा पगार, डिझेल, सुटे भाग हे सगळं दुसऱ्या वहीत असतं. अनुदानाची ओळ कापली गेली की तिकडची वही कोलमडते, पण सभागृहात ती ओळ फारसं कोणी वाचत नाही, कारण बसला प्रभाग नसतो.

वाचायची रीत अशी. प्रत्येक लेखाशीर्षापुढे साधारण चार रकाने असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्ष काय झालं, चालू वर्षासाठी काय मंजूर होतं, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बातम्या चौथ्या रकान्याच्या होतात. तुम्ही पहिला आणि दुसरा रकाना शेजारी ठेवा. मंजूर शंभर आणि प्रत्यक्ष साठ, असं दोन-तीन वर्षं लागोपाठ दिसलं तर चौथ्या रकान्यातला एकशेदहा हा आकडा सजावटीचा आहे. सुधारित अंदाजावरही फार भिस्त ठेवू नका. तो वर्ष संपायच्या आत तयार होतो, त्यामुळे उरलेल्या महिन्यांची वसुली त्यात गृहीत धरलेली असते, आणि मार्चमधली वसुली नेहमीच भरघोस धरतात. वसुली पथकं, मालमत्ता सील करणं, शास्तीत, म्हणजे दंडात सूट देणारी अभय योजना, सगळं त्याच महिन्यात येतं.

आता जमेची पानं. सगळ्यात भरवशाची ओळ महापालिकेच्या स्वतःच्या कमाईची नाहीच. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था करही गेला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून राज्य सरकार भरपाईचं अनुदान देतं. कायद्याने त्यात दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ धरलेली आहे, म्हणून हा आकडा कागदावर आणि हातात जवळजवळ सारखाच येतो. पगाराचा मोठा भार त्याच्यावर असतो. त्याच्या खाली घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं, बांधकाम परवान्याचं विकास शुल्क, खुल्या जागांचा कर. खरी पोकळी इथे असते. घरपट्टीच्या मागणीत चालू वर्षाची रक्कम आणि जुनी थकबाकी एकत्र मिळवली की डोंगर दिसतो. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते, त्यामुळे डोंगर आपोआप वाढतो. पण बंद पडलेल्या गिरणीची जागा, वारसांच्या वादातलं घर, कोर्टात गेलेली आकारणी, दोनदा नोंद झालेली मिळकत, यांची थकबाकी वसुलीयोग्य म्हणून धरली की पुढचं सगळं गणित वाळूवर उभं राहतं. वसुलीयोग्य किती आणि नुसती कागदावरची किती, असा वेगळा रकाना या पुस्तकात हवा. त्या एका रकान्यासाठी आम्ही एक गुण वाढवून दिला असता.

हे फुगणं तीन टप्प्यांत होतं. आधी आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात. स्थायी त्यात भर घालून ते सभागृहाकडे पाठवते. सभागृहात उपसूचना, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेले बदल येतात आणि आणखी भर पडते. महापालिका अधिनियमाच्या कलम ९९ प्रमाणे करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात, म्हणजे खर्चावर रण माजण्याआधीच जमेचं दार लागलेलं असतं. दरवाढ नको यावर सगळ्या पक्षांचं पटकन एकमत होतं. मग वाढीव कामांना पैसा कुठून दाखवायचा? थकबाकीची वसुली वाढेल, गाळ्यांचा फेरलिलाव होईल, शासनाकडून विशेष निधी मिळेल, अशा तीन-चार ओळी फुगवून.

समजा आयुक्तांनी १०० रुपयांचं अंदाजपत्रक दिलं, स्थायीने ते १०८ केलं आणि सभागृहाने ११५. पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल, कर्जाचे हप्ते, मागच्या मक्तेदारांची देणी हा बांधील खर्च ७० धरा. कागदावर कामांसाठी ४५ उरले. प्रत्यक्षात तिजोरीत ८५ आले, तर कामांना १५. मंजूर तीन कामांपैकी एकच होणार. ते कोणतं, हे सभागृहाच्या ठरावात कुठेही लिहिलेलं नसतं. ते लेखा विभागात ठरतं, ‘निधीची उपलब्धता पाहून’ या तीन शब्दांनी. अंदाजपत्रकावर सगळ्यात मोठा अधिकार याच शब्दांचा चालतो, आणि त्यावर मतदान होत नाही.

भांडणं मात्र मतदानाची होतात आणि ती समजून घ्यायला २०१७ चं सभागृह घ्यावं. १०२ जागा, भाजप ४९, शिवसेना २१, काँग्रेस १४, एमआयएम ९, राष्ट्रवादी ४, बसप ४, माकप १. बहुमताला ५२ लागतात, म्हणजे सगळ्यात मोठा पक्ष तीनने कमी. स्थायी समितीत १६ सदस्य, आणि ते पक्षांच्या तौलनिक संख्याबळावर जातात. ४९ चं प्रमाण काढलं तर ७.६९ येतं, म्हणजे फार तर ८. सोळात आठ. एक सदस्य आजारी पडला, रुसला किंवा मुद्दाम उशिरा आला की पारडं फिरलं. त्यात शहरातले दोन देशमुख, विजयकुमार आणि सुभाष, दोघंही तेव्हा राज्यात मंत्री, दोघंही एकाच पक्षाचे, आणि त्यांच्या गटांतली ओढाताण शहरात कुणापासून लपलेली नव्हती. अशा ठिकाणी कोंडी पक्षापक्षांत होते असं म्हणणं अर्धवट आहे. विरोधकांना नुसतं बसून राहिलं तरी पुरतं.

वादाचा दुसरा धागा पक्षांहून जुना आहे. १९९२ च्या हद्दवाढीनंतर शहराचं क्षेत्र १७८.५७ चौरस किलोमीटर झालं. बाळे, शेळगी, कुमठे, मजरेवाडी, देगाव, सोरेगाव आत आले, पण ड्रेनेज आणि रस्ते त्यांच्यामागून आले नाहीत. जुन्या पेठांचा नगरसेवक म्हणतो की आमच्या लाइनी झिजल्या, त्या बदला. हद्दवाढीतला म्हणतो की आमच्याकडे लाइनच नाही. दोघंही खरं बोलतात. यावर अंदाजपत्रकाचा ठरलेला उतारा म्हणजे प्रत्येक प्रभागाला सारखा वॉर्डनिहाय निधी. भांडण मिटतं, पण पैशाचा भुगा होतो. त्या रकमेत पेव्हर ब्लॉक, चेंबरची झाकणं, एखादी बोअर, समाजमंदिराचा रंग एवढं बसतं. दोन किलोमीटरची मुख्य ड्रेनेज लाइन बसत नाही, आणि ती नसेल तर गल्लीतली लाइन जोडायची कशाला? पेव्हर आधी बसतात, ड्रेनेज नंतर मंजूर होतं, मग तेच पेव्हर उखडतात. हे पाहून लोक अधिकाऱ्यांना हसतात. दोष पुष्कळदा निधीच्या तुकड्यांचा असतो.

सभा तहकूब होत राहिली तर काय बिघडतं? पगार थांबत नाही, पंप थांबत नाहीत, घंटागाडी येते. अडतं ते नवं काम, कारण तरतुदीशिवाय पुढची साखळी सुरूच होत नाही: प्राकलन म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, मोठ्या रकमेची निविदा पुन्हा स्थायीकडे, मग कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचा हुकूम. अंदाजपत्रक मार्चमध्ये मंजूर झालं तर निविदा उन्हाळ्यात उघडते. तेच जुलैवर गेलं, तर पावसात डांबर टाकता येत नाही, दिवाळी येते आणि कार्यादेश हिवाळ्यात निघतो. मग काम घाईत, बिल मार्चअखेर आणि राहिलेलं ‘स्पिलओव्हर’ म्हणून पुढच्या वर्षाच्या वहीत. मधे आचारसंहिता लागली तर आणखी एक तिमाही गेली. पुढच्या वर्षी बांधील खर्च ७० चा ७५ झालेला असतो, आणि त्या पाचातले बरेचसे मागच्या भांडणाचे असतात. मक्तेदारही हे ओळखून असतो. बिल उशिरा मिळणार म्हटल्यावर तो दर चढवून भरतो किंवा निविदाच भरत नाही.

अमेरिकेत दोन पक्षांचं खर्चावर जमलं नाही की सरकारी दप्तरांना कुलूप लागतं. २०१८-१९ च्या हिवाळ्यात ३५ दिवस आणि २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस तसं झालं. कर्मचाऱ्यांचा पगार अडला की राजकारण्यांच्या अंगाशी येतं. आपल्या महापालिकेला असं कुलूप नाही आणि ते असू नयेच. पण त्यामुळे अंदाजपत्रक चार महिने अडलं तरी कन्ना चौकातल्या माणसाला त्याची झळ त्याच दिवशी लागत नाही, आणि अडवणाऱ्याला घाई राहत नाही.

कोंडी हाच रोग असता तर प्रशासकाच्या काळात तो बरा व्हायला हवा होता. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा हात एकच. तहकुबी नाही, गणपूर्तीचा प्रश्न नाही, उपसूचना नाहीत. वेळापत्रक सुधारलं, हे मान्य. पण नळाला पाणी चार-पाच दिवसांआडच राहिलं, कारण जमेची पानं बदलली नव्हती. उलट एक सोय गेली. कोणत्या भागाचं काम कापलं, हे विरोधी नगरसेवक सभागृहात ओरडून सांगायचा. ते ओरडणं कामाचं होतं.

पाण्याच्या ओळीवर थोडं थांबायला हवं, कारण शहराला प्राधान्यक्रम विचारला तर तोच पहिला येतो. उजनीवरून आलेली जुनी जलवाहिनी, टाकळीचा उपसा आणि हिप्परगा तलाव, हे तीन स्रोत. त्यात दिवसाला १७० दशलक्ष लिटर क्षमतेची समांतर जलवाहिनी आली, आणि तिचा पैसा मुख्यतः बाहेरचा, स्मार्ट सिटी योजना आणि एनटीपीसी या वीज कंपनीकडून. म्हणून ती अंदाजपत्रकाच्या भांडणातून बरीचशी सुटली. पण जलवाहिनी पाणी शहराच्या वेशीपर्यंत आणते. रोज पाणी द्यायचं तर उंच टाक्या, झोननिहाय व्हॉल्व्ह आणि बदललेल्या अंतर्गत लाइनी लागतात. उपसा वाढला की वीजबिलही वाढतं, आणि ते दर महिन्याला महापालिकेच्याच खिशातून जातं. योजनेचा महापालिका हिस्सा आणि वाढलेला चालू खर्च या दोन ओळी शेजारी ठेवून पाहा. पहिली दिसते, दुसरी कमी धरलेली असण्याची शक्यता जास्त.

चांगलं काय? महिला व बालकल्याण ५ टक्के, दिव्यांगांसाठी ५ टक्के, या राखीव तरतुदी पक्ष कोणताही असो, वहीत असतातच. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्या कशा संपवल्या जातात, तो वेगळा विषय.

विक्रीपश्चात सेवा हवी असेल तर नगरसचिव आणि लेखा विभाग ही दोन दारं. पुस्तक मिळालं तरी त्यात नसतं ते माहिती अधिकारात मागा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीला पानामागे २ रुपये, मुदत ३० दिवस. ‘अंदाजपत्रकाची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं तर ‘माहिती विस्तृत आहे, कार्यालयात येऊन पाहावी’ असं उत्तर येतं. त्याऐवजी तीनच गोष्टी नेमक्या मागा. मागच्या आर्थिक वर्षाचा महिनावार जमा-खर्च. ३१ मार्चला प्रलंबित असलेल्या मक्तेदारांच्या बिलांची एकूण रक्कम. तुमच्या प्रभागातल्या मंजूर कामांची लेखाशीर्षासह यादी, कार्यादेशाच्या तारखेसकट. अर्ज एप्रिलच्या मध्यावर टाका, त्याआधी मार्चअखेरच्या नोंदी बसलेल्या नसतात. तारखेचा रकाना रिकामा आला तर त्या कामाला तरतूद आहे, पैसे नाहीत.