आवाज अडवणारे इअरमफ: मोठ्याचे पाच तारे, धाकटीचा एक

खोक्यावर ठळक लिहिलंय, ‘ऑटिझम असलेल्या मुलांसाठी’. माझ्या घरात अशी दोन आहेत, म्हणून दोन जोड्या मागवल्या.

मोठा नऊ वर्षांचा. सार्वजनिक स्वच्छतागृहात हात वाळवायचं यंत्र घोंघावलं की ओल्या हातांनीच बाहेर पळायचा. आता यंत्र दिसताच स्वतःच इअरमफ कानांवर ओढतो. आवाज पुरता बंद होत नाही, माझी हाक ऐकू जाते. ते बरंच आहे. तासाभरात कानामागे घाम येतो, ही एक तक्रार. आणि दिवसभर घालू देऊ नका, असं ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञाने, बजावलंय. कान शांततेला सरावले की साधे आवाजही जास्त खुपायला लागतात.

धाकटी सहाची. तिला आवाज हवाच असतो. वॉशिंग मशीन फिरायला लागलं की त्याला गाल टेकवून उभी राहते. इअरमफ तिने घातले तसे भिरकावले. डोक्यावरचा पट्टा टोचला असणार, तिच्या कपड्यांची लेबलंही मी कापूनच टाकते.

सरासरी काढली तर तीन तारे, म्हणजे ‘बऱ्यापैकी उपयोगी’. ज्याला हे बऱ्यापैकी उपयोगी पडले असं मूल माझ्याकडे एकही नाही! संशोधकही बरीच वर्षं असंच करत होते: ऑटिस्टिक लोकांची सरासरी एकीकडे, इतरांची दुसरीकडे. खरं तर मुलांमुलांतला फरक सुरुवातीपासूनच समोर होता: ऑटिझमचं वर्णन करणारे मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या ११ मुलांबद्दल लिहिलं, त्यांतली ८ बोलायला शिकली होती, ३ नाही. संवेदनांचा मुद्दा निदानाच्या निकषांत यायला २०१३चं डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका) उजाडावं लागलं, पण तिथे तरी जास्त आणि कमी अशा दोन्ही प्रतिसादांची नोंद आहे. युरोपातल्या लीप या ऑटिझमवरच्या अभ्यासाची पद्धत मला पटली. मुलांच्या उंची-वजनाचा तक्ता असतो ना, तसा वयानुसार मेंदूच्या बाह्यपटलाच्या जाडीचा तक्ता केला आणि एकेक जण त्यात कुठे बसतो ते पाहिलं. वेगळेपणाच्या जागा ज्याच्या त्याच्या निराळ्या निघाल्या.

धाकटीची जोडी परत केली. कारणांच्या यादीत ‘हिला आवाज आवडतो’ असं काही नव्हतं. ‘माप बसत नाही’ निवडलं.