जोडीदार गेल्यानंतरची कविता: इंदिरा संत, बच्चन की हार्डी?

भिंतीवरच्या फोटोला हार आहे आणि फोनवर रोज रात्री एका नव्या माणसाचा ‘जेवलात का?’ असा मेसेज येतो. मुंबईत ही अवस्था आता फारशी दुर्मीळ राहिलेली नाही. पंचावन्न-साठीत जोडीदार गेलेला असतो, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात असतात, आणि ज्येष्ठ नागरिक संघात किंवा गाण्याच्या क्लासला कुणीतरी भेटतं. नातेवाइकांकडे सल्ले दोनच: ‘झालं गेलं विसर, पुढचं बघ’ किंवा ‘या वयात शोभतं का?’ या दोन सल्ल्यांच्या मध्ये बरीच मोठी जागा आहे आणि कवी तिथे राहून आले आहेत. मात्र यातली कुठलीही कविता कुणालाही लागू पडत नाही. निवडताना दोन गोष्टी बघाव्यात. नवा माणूस आयुष्यात आला आहे का? आणि आला असेल, तर हे पुस्तक त्याच्याही हाती पडणार आहे का? वन रूम किचनमध्ये पुस्तक काय, उसासासुद्धा लपत नाही.

मराठी वाचक आधी इंदिरा संतांकडे वळतो, आणि ते रास्तच आहे. ‘सहवास’ हा त्यांचा आणि पती ना. मा. संत यांचा एकत्र संग्रह. १९४६ साली ते गेले. पुढच्या ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’मध्ये ते नसणं सगळीकडे पसरलेलं आहे, पण आजारपण नाही, तिरडी नाही, हंबरडा नाही. ‘नको नको रे पावसा’मधली बाई गळक्या घरात उभी राहून पावसाला आधी दटावते, मग त्यालाच सांगते की पुढे धावत जा, वाट अडव, त्या वाटसरूला सुखरूप मागे आण, मग घाल हवा तेवढा धिंगाणा, मी काही बोलणार नाही. जुलैत गाड्या बंद पडल्यावर खिडकीशी उभं राहून कुणाची तरी वाट पाहिलेल्या बाईला ही कविता समजावून सांगावी लागत नाही. आपलं दुःख मोठ्याने न मांडता आलेल्यांसाठी, ऑफिसात तेराव्यानंतर लगेच कामाला लागलेल्यांसाठी, यांच्याइतकं जवळचं दुसरं कुणी नाही. मर्यादा एकच. त्या घरात तिसऱ्या माणसाला बसायला पाट नाही. नवं नातं जुळत असताना याच कविता पुन्हापुन्हा वाचल्या तर अपराधी वाटण्याचीच शक्यता जास्त.

तिथून हरिवंशराय बच्चन सुरू होतात. पहिली पत्नी श्यामा १९३६ साली क्षयाने गेली. १९३८ मध्ये ‘निशा निमंत्रण’ आलं: तेरा-तेरा ओळींची शंभर गीतं. १९३९ मध्ये ‘एकांत संगीत’. पुढे तेजींशी लग्न झालं आणि १९४५ मध्ये ‘सतरंगिनी’ आली. नावांवरूनच रात्र कुठे होती आणि रंग कुठे आले ते कळतं. मुंबईकराने आधी ‘निशा निमंत्रण’मधलं ‘दिन जल्दी-जल्दी ढलता है’ वाचावं. वाटसरू पाय उचलतो आहे, पिलं वाट बघत असतील म्हणून पक्षिणीच्या पंखांत बळ येतं आहे, आणि कवीला मात्र प्रश्न पडतो की माझी वाट बघणारं कोण आहे, मी कशासाठी घाई करू? सात सव्वीसची विरार फास्ट पकडायची सवय पायांना असते; घरी कुणी नाही हे पायांना उशिरा कळतं.

‘सतरंगिनी’तली दोन गाणी मात्र सगळ्यांना पाठ: ‘जो बीत गई सो बात गई’ आणि ‘नीड़ का निर्माण फिर-फिर’. गाणी उत्तमच आहेत. त्रास होतो तो ती पाठवणाऱ्यांचा. कुणी गेल्याच्या चौथ्या दिवशी फॅमिली ग्रुपवर ‘जो बीत गई’ येऊन पडतं, खाली दोन हात जोडलेले. ज्याने ते लिहिलं त्याला श्यामानंतर ‘सतरंगिनी’पर्यंत पोचायला नऊ वर्षं लागली, आणि आधी शेकडो ओळी निव्वळ अंधाराच्या लिहाव्या लागल्या, हे पाठवणाऱ्याच्या गावी नसतं. म्हणून बच्चन घ्यायचे तर दोन्ही पुस्तकं घ्या, आणि आलेल्या क्रमाने. शिवाय एक व्यावहारिक सोय: हिंदी असल्यामुळे नवा जोडीदार गुजराती असो वा कोकणी, पुस्तक दोघांनाही वाचता येतं. या यादीत नव्या माणसासमोर निर्धास्त उघडं ठेवता येईल असं पुस्तक मला तरी हेच वाटतं.

इंग्रज कवी टॉमस हार्डी हा अवघड पाहुणा. त्याचं आणि एमाचं लग्न १८७४ चं, पण शेवटची कित्येक वर्षं एका छपराखाली दोन अनोळखी माणसांसारखी गेली. नोव्हेंबर १९१२ मध्ये ती अचानक गेली, आणि बहात्तर वर्षांचा हा माणूस तिच्या प्रेमात नव्याने पडला. मार्च १९१३ मध्ये तो कॉर्नवॉलला, जिथे ते तरुणपणी भेटले होते तिथे, जाऊन आला. ‘द व्हॉइस’मध्ये ती हाक मारते आणि म्हणते, मी मधल्या काळात बदलले होते तशी आता नाही, अगदी सुरुवातीला होते तशी आहे. मग कवीलाच शंका येते: हा आवाज आहे की ओल्या कुरणावरचा वारा?

आपल्याकडे माणूस गेलं की लग्न आपोआप सुखाचं होतं. पंचवीस वर्षं अबोला धरलेल्या नवऱ्याबद्दलही ‘देवमाणूस होते हो’ असंच म्हणावं लागतं. ज्यांना हे म्हणताना आवंढा गिळावा लागतो, ज्यांच्या दुःखात राग आणि पश्चात्ताप मिसळलेला आहे, त्यांना हार्डीइतका खरा सोबती मिळणार नाही. इंदिराबाई आणि बच्चन इथे उपयोगी पडत नाहीत, कारण त्यांच्या कवितेत मुळात प्रेम शाबूत आहे.

पण सावध. फेब्रुवारी १९१४ मध्ये हार्डीने फ्लॉरेन्सशी लग्न केलं, आणि त्याच वर्षी एमावरच्या या कविता पुस्तकात छापल्या. नव्या बायकोला त्या किती लागल्या हे तिच्या पत्रांतून दिसतं. तेव्हा हार्डी वाचायचा तर एकट्याने, किंवा नव्या माणसाला ‘माझं पहिलं लग्न असं होतं’ हे आधी सांगून झाल्यावर. सांगण्याऐवजी पुस्तक पुढे सरकवू नये.

कालिदास मी यादीत शेवटी ठेवतो. ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गातला अजविलाप, म्हणजे पत्नी इंदुमती गेल्यावरचा अज राजाचा शोक, अप्रतिम आहे, पण अज दुसरा विचारच करत नाही, मुलगा दशरथ मोठा होईपर्यंत आठ वर्षं काढतो आणि देह ठेवतो. वसिष्ठांचा निरोप तेवढा आजही आपल्या घरांत ऐकू येतो: सतत रडू नये, त्याने गेलेल्याला चटके बसतात म्हणे. अजाचं त्याने समाधान होत नाही. कुणाचंच होत नाही.

वर बघा, नवं प्रेम मिळालेले दोघेही पुरुष आहेत. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. विधुर झालेल्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवा गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा गहजब झाला. पुढे लग्नं होत गेली, पण मागे राहिलेल्या बाईने नव्या प्रेमाबद्दल लिहिलेली मराठी कविता मला शोधूनही फारशी सापडत नाही. इंग्रजी चालत असेल तर अमेरिकन कवयित्री टेस गॅलघर बघा. नवरा, कथालेखक रेमंड कार्व्हर, १९८८ मध्ये गेल्यावरचा ‘मून क्रॉसिंग ब्रिज’ हा १९९२ चा संग्रह पूर्ण शोकाचा आहे. पुढच्या आयुष्यात तिला आयर्लंडमध्ये दुसरा सोबती मिळाला.

मिळण्याचं म्हणाल तर हार्डी इंटरनेटवर फुकट आहे, बच्चन सहज विकत मिळतात, आणि इंदिराबाईंच्या जुन्या संग्रहांसाठी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करावी. एकच घ्यायचं असेल, तर दुःख ताजं असताना इंदिरा संत आणि दारात कुणी उभं असेल तर बच्चन. रजिस्टर लग्नानंतरच्या छोट्या जेवणात काही वाचायचं ठरलं, तर ‘नीड़ का निर्माण फिर-फिर’ वाचा. ‘जो बीत गई’ नको. ज्यांची आई किंवा वडील गेले आहेत ती मुलं समोरच बसलेली असतात.